अरुंद जागेतले अक्षर

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाई येथे पोलाद कारखाना उभारण्याचा करार झाला, तेव्हा भिलाईचा परिसर ज्या राज्यात मोडत होता त्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्या जुन्या मध्य प्रदेशाचा कारभार हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांत चाले. पुढल्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छत्तीसगड भोपाळ राजधानी असलेल्या नव्या मध्य प्रदेशात राहिले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, त्या वेळी येथे नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबे राज्याच्या दृष्टीने परप्रांतात आलेली होती. लिपीच्या दृष्टीने मात्र ती आपल्याच घरात होती, कारण हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांची लिपी देवनागरीच.

परंतु एकच लिपी असली तरी दोन्हींचा चेहरा अगदी एकसारखा नाही. घरातल्या पंचांगातील, दिवाळी अंकातील आणि नागपूर-मुंबईकडून येणाऱ्या वर्तमानपत्रातील अक्षर निराळे, आणि सुपेला किंवा पॉवर हाऊसच्या बाजारातील दुकानांवरचे अक्षर निराळे. हा फरक पुस्तकातील बारीक मजकुरात सहसा जाणवत नाही. तो ठसठशीत दिसतो शीर्षकात: नाटकाच्या जाहिरातीत, मासिकाच्या मुखपृष्ठावर, दुकानाच्या पाटीवर, शाळेच्या फलकावर. या शीर्षकाक्षरांपैकी एका साध्या, फारसे कौतुक वाट्याला न आलेल्या प्रकाराचा हा इतिहास आहे. हे अक्षर हाताने काढलेले, अंगाने अरुंद आणि वळणाने मोकळे असते.

खिळ्याचे अक्षर आणि हाताचे अक्षर

मराठी मुद्रणाचा इतिहास सांगताना १८०५ साली श्रीरामपूर येथे छापल्या गेलेल्या विल्यम कॅरीच्या मराठी व्याकरणाचा उल्लेख नेहमी केला जातो. मुंबईत या विद्येला मराठी हात लागले ते गणपत कृष्णाजी यांचे. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकून त्यांनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. शिळाप्रेसचे वैशिष्ट्य असे की त्यात खिळे जुळवावे लागत नाहीत. लेखनिकाचे अक्षर दगडावर उतरते आणि तेच कागदावर उमटते. म्हणजे मराठी छापील अक्षर प्रथम पुष्कळसे हाताचेच अक्षर होते.

पुढे खिळ्यांचे युग आले. टॉमस ग्रॅहॅम यांनी मिशनच्या छापखान्यात मराठी खिळ्यांना सुबक वळण दिले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला आणि राणूजी रावजी आरू यांनी कोरलेल्या साच्यांमुळे निर्णयसागरचे अक्षर भारतभर नावाजले गेले. संस्कृत ग्रंथ असो वा पंचांग, निर्णयसागरी वळण म्हणजे शुद्धतेची खूण मानली जाई.

या खिळ्यांचा एक स्वभाव होता. खिळा म्हणजे धातूचा चौकोनी ठोकळा, आणि त्याची रुंदी एकदा ठरली की ठरली. देवनागरीत मूळ अक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, वर येणाऱ्या मात्रा आणि वेलांट्या, खाली येणारे उकार अशा सर्वांसाठी वेगवेगळे खिळे लागत. जुळाऱ्यापुढील खणांची संख्या शेकड्यांत जाई. एका आकारासाठी एवढे ओतकाम करावे लागत असताना केवळ शीर्षकांसाठी अरुंद, रुंद, तिरके, लपेटदार असे अनेक संच ओतणे कोणत्याही ओतशाळेला परवडणारे नव्हते. युरोप-अमेरिकेत ही अडचण एका वेगळ्या मार्गाने सुटली. १८२७ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्स याने यंत्राने लाकडी अक्षरे कोरण्याची सोय केली. त्यानंतर भित्तिपत्रकांसाठी उंच, चिंचोळ्या रोमन अक्षरांचे असंख्य प्रकार बाजारात आले. रोमन लिपीला सव्वीस मोठ्या अक्षरांत काम भागवता येते. देवनागरीला ती सवलत नाही.

म्हणून मराठीत शीर्षकाचे काम चित्रकाराकडे आले. मजकूर खिळ्यांनी जुळवायचा आणि शीर्षक हाताने काढून त्याचा जस्ताचा ब्लॉक करून घ्यायचा, ही विसाव्या शतकातील मराठी छापखान्यांची रूढ रीत होती. दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये सुरू केलेले ‘दीपावली’ असो वा त्या काळातील असंख्य कादंबऱ्यांची मुखपृष्ठे असोत, चित्राइतकेच त्यावरचे नावही कुंचल्यातून उतरलेले असे. वाचकाला लेखकाच्या नावाआधी अक्षराच्या वळणावरून पुस्तकाची जात ओळखू येई.

देवनागरी अरुंद करणे सोपे का नाही

अरुंद अक्षराची गरज जागेच्या टंचाईतून निर्माण होते. वर्तमानपत्रातील जाहिरातीचा दर कॉलमच्या रुंदीवर आणि उंचीवर ठरतो. दुकानाची पाटी दोन खांबांच्या मध्ये बसवायची असते. शाळेच्या हस्तलिखित अंकात दोन रकान्यांमधल्या पट्टीत कवितेचे नाव घालायचे असते. जागा तेवढीच, नाव मात्र लांब. तेव्हा अक्षराला अंग चोरून उभे राहावे लागते.

रोमन अक्षर दोन्ही बाजूंनी दाबले की बरेचसे काम होते. देवनागरी अक्षर तसे दाबता येत नाही. ‘क’ आणि ‘फ’ ही अक्षरे उभ्या दंडाच्या दोन्ही बाजूंना पसरतात. एक बाजू दाबली तर दुसरी लंगडी दिसते. ‘ण’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांच्या पोटातील पांढरी जागा आधीच थोडी, ती आणखी कमी झाली की शाई भरून अक्षर काळे पडते. उलट ‘र’, ‘द’, ‘ट’ ही अक्षरे मुळातच सुटसुटीत असल्यामुळे शेजाऱ्यांपेक्षा पोकळ दिसू लागतात.

यापेक्षा मोठी अडचण उभ्या रेघांची आहे. वसंत कानेटकर यांच्या १९६२ मधील ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या नाटकाचे नाव कागदावर लिहून पाहावे. काने आणि अक्षरांचे उभे दंड मिळून त्यात बारा उभ्या रेघा येतात. अक्षर अरुंद केले की त्या एकमेकींजवळ सरकतात आणि नावाऐवजी कुंपण दिसू लागते. याउलट ‘गुंतता हृदय हे’ या नावात उभ्या रेघा अवघ्या पाच. तेथे अडचण रुंदीची नाही, उंचीची आहे: वर अनुस्वार आणि मात्रा, खाली उकार आणि ऋकार. एका नावाला दिलेला उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. प्रत्येक नाव हे स्वतंत्र कोडे असते.

हाताने अक्षर काढणाऱ्यांनी या कोड्यांवर अनेक उपाय शोधले. काने सगळे एकाच जाडीचे न ठेवता एखादा बारीक करायचा किंवा खाली थोडा आखूड ठेवायचा. शिरोरेषा सलग न ओढता अक्षराअक्षराला तोडायची, म्हणजे मधून उजेड येतो. जोडाक्षर आडवे न लिहिता एकाखाली एक रचायचे, कारण रुंदी महाग असली तरी उंची पुष्कळदा हाताशी असते. मात्रेला शेजारच्या अक्षराच्या रिकाम्या डोक्यावर कलू द्यायचे. एकाच शब्दात ‘त’ दोनदा आला तर दोन्ही वेळा तो तंतोतंत सारखा काढायचा नाही. या लहान लहान सवलतींमुळेच अशा अक्षरात तो सहज, घरगुती मोकळेपणा येतो. हा मोकळेपणा निष्काळजीपणातून आलेला नसतो. आधी शिसपेन्सिलीने वरची आणि खालची रेघ आखून, प्रत्येक अक्षराला किती जागा द्यायची याचा हिशेब करून, मगच कुंचला उचललेला असतो.

पाट्या रंगवणारे पेंटरही हेच करीत. खडूची भुकटी लावलेली दोरी भिंतीवर ताणून सोडली की सरळ रेघ उमटते. त्या दोन रेघांमध्ये सपाट ब्रशने अक्षर बसवायचे. जागा संपत आली म्हणून शेवटची दोन अक्षरे अरुंद करण्याची पाळी येऊ नये, यासाठी पहिल्या अक्षरापासूनच अंदाज घ्यायचा. महाराष्ट्राच्या शासकीय रेखाकला परीक्षांमध्ये भूमितीच्या जोडीला अक्षरलेखन ठेवले गेले ते याच दृष्टीमुळे असावे. अक्षर काढणे म्हणजे जागेचे माप घेणे होय.

कमल शेडगे यांची अक्षरे

या कलेला महाराष्ट्रात घराघरांत पोहोचवणारे नाव म्हणजे कमल शेडगे. त्यांचा जन्म १९३५ चा. कोणत्याही कलाशाळेचे रीतसर शिक्षण न घेता त्यांनी टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात अनेक वर्षे अक्षरांचे काम केले. परंतु त्यांची खरी ओळख मराठी नाटकांच्या जाहिरातींमुळे झाली. ‘मत्स्यगंधा’, ‘रायगडाला जेव्हा जाग येते’, ‘गुंतता हृदय हे’ अशा कित्येक नाटकांची नावे त्यांच्या हातून उतरली. ‘माझी अक्षरगाथा’, ‘चित्राक्षरं’ आणि ‘कमलाक्षरं’ ही त्यांची पुस्तके म्हणजे या कामाचा आलेखच आहे. जुलै २०२० मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामाचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळच्या वर्तमानपत्राचे पान डोळ्यांसमोर आणावे लागेल. शनिवार-रविवारच्या अंकात नाटकांच्या जाहिराती एकाखाली एक, शेजारी शेजारी खचाखच भरलेल्या असत. निर्मात्याची ऐपत एक किंवा दोन कॉलमांची. तेवढ्यात नाटकाचे नाव, लेखक, कलावंत, नाट्यगृह आणि प्रयोगाची वेळ. छायाचित्र घालावे तर त्या कागदावर ते काळपट उमटणार. तेव्हा नाटकाचा सगळा भाव त्या नावाच्या अक्षरांनाच सांगावा लागे. ऐतिहासिक नाटक कोणते, फार्स कोणता, कौटुंबिक नाटक कोणते, हे वाचकाला नाव वाचण्याआधी कळले पाहिजे. शेडगे यांनी हे अक्षरांकडून करवून घेतले. दर नाटकाला नवे वळण, आणि तेही बोटभर रुंदीत.

याच काळात र. कृ. जोशी यांनी दुसऱ्या दिशेने काम केले. मुंबईच्या जे. जे. उपयोजित कला संस्थेत शिकलेल्या आणि पुढे आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवलेल्या जोशी यांनी भारतीय लिप्यांच्या अक्षरांचा शास्त्रशुद्ध अभ्यास उभा केला. संगणकाच्या विंडोज प्रणालीबरोबर येणारा ‘मंगल’ हा देवनागरी अक्षरसंच त्यांनीच घडविला. मोडीच्या अभ्यासातून ‘मुक्तलिपी’पर्यंत गेलेले अच्युत पालव हेही याच परंपरेतले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सुंदर अक्षराची साधना हे राष्ट्रीय कार्य आहे, यावर एका अर्थी शिक्कामोर्तबच झाले.

हाताचे अक्षर संगणकात

१९९० नंतर छापखान्यातून खिळे गेले आणि संगणक आला. पाठोपाठ फ्लेक्सचे फलक आले. काही तासांत छापून मिळणाऱ्या फलकापुढे ब्रशने रंगविलेली पाटी टिकणे कठीण होते. अनेक पेंटरांनी ब्रश खाली ठेवला. पहिल्या काळातील संगणकी अक्षरसंच मजकुरासाठी ठीक होते, परंतु शीर्षकासाठी हाताशी फारसे काही नसे. मग संगणकावर रुंद अक्षरालाच दोन्ही बाजूंनी दाबून अरुंद करण्याची सवय लागली. असे केले की उभ्या रेघा बारीक होतात, आडव्या मात्र जाडच राहतात, आणि अक्षर आजारी दिसते. कुंचला धरणाऱ्या कोणत्याही कारागिराने ही चूक केली नसती.

गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र चित्र बदलू लागले आहे. हाताच्या अक्षराचे गुण अभ्यासून ते अक्षरसंचात उतरविण्याचे काम भारतीय रचनाकारांनी हाती घेतले. इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये ‘खंड’ आणि ‘टेको’ हे मुळातच अरुंद म्हणून आखलेले देवनागरी संच आणले, तसेच हस्ताक्षराच्या वळणाचा ‘कलम’ही. मुंबईच्या एक टाइप या गटाने हाताने रेखाटलेल्या, मोदकासारख्या गुबगुबीत अक्षरांचा ‘मोदक’ केला. त्यांच्याच ‘अनेक’ या २०२२ मधील कुटुंबात नऊ भारतीय लिप्यांचे आणि रोमनचे अक्षर अरुंदापासून रुंदापर्यंत हवे तसे करता येते, आणि तरी ते दाबलेले वाटत नाही, कारण प्रत्येक रुंदीसाठी रेघांचा विचार आधीच केलेला असतो. रेल्वेच्या हाताने रंगविलेल्या पाट्यांवरून ‘यात्रा’ हा संच घडला. दिल्लीचे हनीफ कुरेशी यांनी तर पाट्या रंगविणाऱ्या पेंटरांची अक्षरे त्यांच्याच नावाने संगणकात जतन करण्याचा उपक्रम चालविला.

तरीही हात आणि संच यांत एक अंतर राहतेच. हाताने काढलेल्या शब्दातील दोन ‘त’ निराळे असू शकतात. संचातला ‘त’ सहसा प्रत्येक वेळी तोच येतो. भिलाईकरांना हा फरक वेगळ्या शब्दांत सांगण्याची गरज नाही. येथे तयार होणाऱ्या रेल्वेरुळाच्या उभ्या अंगावर कारखान्याची खूण आणि वर्ष उठावदार अक्षरांत दाबलेले असते. मैलोन्मैल तेच अक्षर, तिळमात्र फरक नाही. रुळाला तसेच हवे. नाटकाच्या नावाला, कवितेच्या शीर्षकाला, बालवाडीच्या दारावरच्या पाटीला तसे चालेलच असे नाही.

‘शाळा’ हा शब्द

मराठी प्रदेशाबाहेर राहणाऱ्यांसाठी या इतिहासात आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. हिंदी ‘ल’ला उजवीकडे उभा दंड असतो. मराठी वळणाचा ‘ल’ दोन पाकळ्यांचा, मध्ये देठ असलेला. ‘श’चेही तसेच, मराठी वळण निराळे. युनिकोडमध्ये या दोन्ही रूपांना एकच सांकेतिक क्रमांक आहे. कोणते रूप दिसावे हे अक्षरसंचावर आणि मजकुराची भाषा कोणती नोंदविली आहे यावर अवलंबून असते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी मराठी वळणाचीच रूपे निश्चित केली. छत्तीसगडमध्ये मात्र हिंदी टंकलेखनासाठी रूढ झालेल्या ‘कृतिदेव’सारख्या संचात मराठी मजकूर जुळविला की ही रूपे आपोआप हिंदी होतात.

केवळ रूपाचा प्रश्न असता तर तो सौंदर्यदृष्टीचा म्हणून सोडून देता आला असता. काही ठिकाणी अर्थच बदलतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यास’ दिलेली दक्षिणा आणि ‘आचाऱ्यास’ दिलेली मजुरी एक नव्हे. हा फरक दाखविणारे ‘र’चे रूप जुन्या कारागिराच्या हातात होते, कारण तो ज्या भाषेसाठी अक्षर काढी ती भाषा जाणत असे. फलक छापणाऱ्याला ती भाषा ठाऊक नसेल तर तो समोर दिसेल ती खूण वापरणार. त्यात त्याचा दोष नाही. मराठी अक्षर जपण्याची जबाबदारी मराठी लिहिणाऱ्याचीच आहे.

‘शाळा’ हा शब्दच घ्यावा. अक्षरे दोन, काने दोन. इतका अरुंद शब्द की कोणत्याही फलकावर सहज बसावा. तरी त्यातील ‘श’ मराठी वळणाचा आणि ‘ळ’ तर मराठीच्या अगदी जिव्हाळ्याचा. ‘श’ बदलला, ‘ळ’च्या जागी ‘ल’ आला, तर शब्द कळेल, पण तो घरचा राहणार नाही. या भूमीत पूर्वीही दोन्ही भाषांचे मन जाणणारी माणसे होऊन गेली. जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू करणारे माधवराव सप्रे मराठीभाषक होते, आणि लोकमान्यांचे गीतारहस्य हिंदीत आणणारेही तेच. शेजारच्या भाषेची अशी मनापासून सेवा करता येते. आपल्या घरच्या अक्षराचे वळणही त्याच वेळी जपता येते.

मराठी शाळांच्या फलकांवर रोजचा सुविचार लिहिताना खडूची कड वापरून जाड-बारीक रेघ काढणारे शिक्षक, हस्तलिखित अंकाची शीर्षके रात्री जागून रंगविणारे विद्यार्थी, स्नेहसंमेलनाच्या नाटकाचे नाव चिंचोळ्या कापडावर बसविणारे पालक यांची नावे मुद्रणाच्या इतिहासात येत नाहीत. परंतु शेडगे यांनी वर्तमानपत्राच्या एका कॉलमात केले तेच या सर्वांनी आपापल्या जागेत केले. मिळालेली जागा थोडी आहे म्हणून त्यांनी नाव अर्धे लिहिले नाही. अक्षराला थोडे उंच केले, थोडे आखडले, आणि पूर्ण नाव बसविले.

बृहन्महाराष्ट्रातील मराठीला आज मिळणारी जागाही अशीच अरुंद आहे. भोवताली हिंदी आहे, पुढे इंग्रजी आहे. त्यांच्याशी भांडून जागा रुंद होणार नाही, आणि भांडण्याचे कारणही नाही. जी आहे तीत मराठी पूर्ण आणि नीट बसविणे एवढे मात्र हातात आहे. त्याची सुरुवात फार लहान ठिकाणी होते. वहीवरच्या लेबलात नाव, इयत्ता आणि शाळा यांसाठी तीन बोटभर रेघा असतात. त्यांतल्या तिसऱ्या रेघेवर एखादे मूल देठाचा ‘श’ आणि गोल ‘ळ’ सावकाश काढते, तेव्हा पंचांगाच्या शिळाप्रेसपासून चालत आलेले काम त्या दिवसापुरते पूर्ण झालेले असते.